थंडीला खिडकीतच अडवा : लोकरीचे पडदे

दिल्ली, डेहराडून, सिमला किंवा दार्जिलिंग. बदलीच्या निमित्ताने अशा गावी गेलेल्या कुटुंबांना पहिल्याच हिवाळ्यात एक अनुभव येतो. रजया, स्वेटर, हीटर सारे काही असूनही खोलीत ऊब टिकत नाही. खिडकीजवळ बसले की पाठ गारठते. खिडकीच्या काचेला लागलेली हवा थंड होते, जड होऊन खाली उतरते आणि जमिनीलगत खोलीभर पसरते. पातळ सुती किंवा नायलॉनचा पडदा तिला अडवू शकत नाही. अशा घरात लोकरीचे पडदे फार उपयोगी पडतात.

लोकरच का?

लोकरीचा तंतू कुरळा असतो. त्याच्या वळणांत हवा अडकून राहते आणि ही हवाच खोलीतली उष्णता बाहेर जाऊ देत नाही. शिवाय लोकर सहजासहजी पेट घेत नाही आणि नायलॉनसारखी वितळून अंगाला चिकटत नाही.

बाजारात लोकरीच्या नावाखाली पुष्कळदा ॲक्रिलिक विकले जाते. खात्री करण्यासाठी कापडाच्या कडेचा एक धागा चिमट्यात धरून जाळून पाहा. लोकर असेल तर केस जळल्यासारखा वास येतो व राख बोटांनी चुरडता येते. ॲक्रिलिक वितळते आणि गार झाल्यावर कडक मणी उरतो.

जुन्यातून नवे

नवे लोकरी कापड महाग पडते. म्हणून आधी घरातली ट्रंक उघडा. विरलेली शाल, जुने ब्लँकेट, कुलूचा पट्टू यांतून छान पडदे होतात. आपले घोंगडे जरा राठ व ताठ असते. ते खिडकीपेक्षा वारा येणाऱ्या दारावर अधिक शोभते.

माप आणि शिलाई

४ फूट रुंदीच्या खिडकीला ५ फुटांचा रॉड लावा, म्हणजे दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच पडदा भिंतीवर येईल. लोकर जाड असल्याने रॉडच्या दीडपट कापड, म्हणजे साडेसात फूट, पुरते. फार चुण्या घालू नयेत. वजनामुळे स्प्रिंगची तार लोंबते, म्हणून लोखंडी पाइपच वापरावा. वरून पेल्मेट असावे आणि पडद्याची खालची कड जमिनीला टेकावी. फट राहिली की थंड हवा तिथूनच आत येते.

उन्हाने लोकर पिवळी पडते व कमजोर होते. म्हणून काचेच्या बाजूला सुती अस्तर हवेच. दिवसा दक्षिणेकडच्या खिडकीचे पडदे उघडून ऊन आत घ्या आणि सूर्य मावळताच ओढून घ्या.

कसरीपासून जपा

लोकरीचा खरा शत्रू म्हणजे कसर. कापड खातात त्या पतंगाच्या अळ्या, आणि त्या घड्यांच्या अंधारात वाढतात. आठवड्यातून एकदा पडदे झटकून त्यांच्या घड्यांवरून ब्रश फिरवा. घरी गरम पाण्यात मुळीच धुऊ नका, ते आटतात. होळीनंतर ड्रायक्लीन करून, थोडा वेळ ऊन दाखवून, घट्ट झाकणाच्या ट्रंकेत ठेवा. घरात तान्हे बाळ असेल तर त्याच्या वापरातल्या कपड्यांजवळ डांबराच्या गोळ्या ठेवू नका.

मुंबई, कोकणासारख्या दमट हवेत मात्र हे पडदे टाळावेत. तिथे थंडी कमी आणि बुरशीच जास्त.

ही खबरदारी घ्याच

हीटर पडद्यापासून किमान ३ फूट दूर ठेवावा. आणि सर्वांत महत्त्वाचे : जाड पडद्यांनी बंद केलेल्या खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून कधीही झोपू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला ना रंग, ना वास. झोपेतच जीव जातो. शेगडी विझवून बाहेर ठेवा, खोलीत थोडी हवा खेळू द्या आणि मगच पडदे ओढा. चार अंश ऊब कमी झाली तरी चालेल, घरची माणसे सकाळी सुखरूप उठायला हवीत.