खडकीची नहर, अहमदनगरची तोफ

युरोप पुढे का गेला, याचे एक उत्तर हल्ली फार ऐकू येते. तिथे लहानमोठी राज्ये सतत झुंजत होती. एका दरबाराने झिडकारलेला कसबी माणूस दुसऱ्याचे दार ठोठावी. पोर्तुगालने नाकारलेल्या कोलंबसाला स्पेनने जहाजे दिली. चीनमध्ये सम्राट एकच. १४३३ नंतर तिथल्या मोठ्या सागरी मोहिमा थांबल्या त्या थांबल्याच. उत्तर खोटे नाही, पण दख्खनला लावून पाहिले की अपुरे वाटते.

सोळाव्या शतकात इथेही हेच चित्र होते : निजामशाही, आदिलशाही, कुतुबशाही, शेजारी विजयनगर, किनाऱ्यावर पोर्तुगीज. गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी मलिक अंबर अहमदनगरला आला, मध्यंतरी विजापूरची चाकरी करून परतला आणि निजामशाहीचा पेशवा झाला. विकत आणलेल्या माणसाला इतके वर चढू देणे, ही त्या चुरशीचीच किमया. त्याने मराठा बारगिरांकरवी मोगलांची रसद तोडली. १६२४ साली भातवडीला मोगल आणि आदिलशाही या दोघांच्याही फौजा मोडल्या. मोगलांनी एकदा जाळलेल्या खडकीत, म्हणजे आमच्या आजच्या शहरात, त्याने जमिनीखालून, निव्वळ उताराच्या बळावर नहर आणली.

मग अडले कुठे? ‘मलिक-ए-मैदान’ तोफ पाहा. १५४९ साली मुहम्मद बिन हसन रूमी या परदेशी ओतकाराने ती अहमदनगरला ओतली. सुमारे ऐंशी वर्षांनी, १६३२ मध्ये, आदिलशाहीने ती परांड्याहून ओढत विजापूरला नेली. एवढ्या काळानंतरही जुनी अजस्र तोफ पळवण्यातच मोठेपणा वाटत होता! तोवर युरोपात हलक्या, फौजेबरोबर पळणाऱ्या तोफांवर भर येत होता. माझ्या मते आपल्याकडे चुरस माणसे मिळवण्याची होती. विद्या टिकवणारी संस्था उभी राहिली नाही. आश्रयदाता गेला की काम थांबे. अंबर १६२६ मध्ये वारला; १६३३ ला दौलताबाद पडले, १६३६ ला निजामशाही संपली.

नहर मात्र टिकली. औरंगजेबाच्या काळात तिच्याच धर्तीवर आणखी नहरी झाल्या. माझा तर्क असा : तोफ राजाची होती, पाणी मोहल्ल्याचे. गाळ काढणारे हात लागतच राहिले, म्हणून जाणकारीही गावातच राहिली. जायकवाडीचे पाणी आल्यावर ते हात सुटले. कित्येक दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या या शहरात नहरीची तोंडे आता घरांच्या पायाखाली बुजली आहेत.