दूरध्वनी गेटवेचे व्यवस्थापन : वेब पृष्ठ आणि कमांड लाइन

प्रस्तावना :

महाविद्यालयाच्या कार्यालयातील जुने ईपीएबीएक्स यंत्र आणि संगणकांचे जाळे ही दोन्ही साधने दीर्घकाळ परस्परांपासून स्वतंत्र होती. आवाजाचे रूपांतर डिजिटल पॅकेटांत करून तो इंटरनेट प्रोटोकॉलच्या जाळ्यातून नेण्याचे तंत्र प्रस्थापित झाल्यानंतर या दोहोंना जोडणाऱ्या साधनाची गरज निर्माण झाली. हे साधन म्हणजे दूरध्वनी गेटवे होय. हे यंत्र आकाराने लहान असते, कपाटात बसविले जाते आणि बहुधा विस्मरणात जाते. मात्र त्याच्या एका बाजूस देयक येणारी दूरध्वनी वाहिनी व दुसऱ्या बाजूस संपूर्ण जाळे असल्यामुळे त्याचे व्यवस्थापन ही केवळ तांत्रिक बाब राहत नाही. ती संस्थेच्या जबाबदारीची बाब ठरते. गेटवेच्या व्यवस्थापनाचे वेब पृष्ठ व कमांड लाइन हे दोन मार्ग, त्यांचे सामर्थ्य व मर्यादा यांचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

गेटवेची रचना व कार्य :

गेटवेवर साधारणतः दोन प्रकारची दूरध्वनी द्वारे असतात. एफएक्सएस द्वारास साधा दूरध्वनी संच जोडला जातो. हे द्वार संचास वीजदाब, डायल टोन आणि घंटी पुरविते. एफएक्सओ द्वारास एक्स्चेंजकडून आलेली वाहिनी जोडली जाते. हे द्वार एक्स्चेंजच्या दृष्टीने स्वतः दूरध्वनी संचासारखे वागते. जाळ्याच्या बाजूस संभाषण जुळविण्याचे व संपविण्याचे संकेत बहुधा सिप या प्रोटोकॉलने पाठविले जातात. त्याचे आजचे मूळ प्रमाणपत्रक, म्हणजे आरएफसी ३२६१, २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रत्यक्ष आवाज मात्र आरटीपी या स्वतंत्र प्रोटोकॉलने वाहून नेला जातो.

जी.७११ या पद्धतीत आवाजास सेकंदास ६४ किलोबिट लागतात. प्रत्येक पॅकेटात २० मिलिसेकंदांचा आवाज भरल्यास सेकंदास ५० पॅकेटे होतात आणि त्यांच्या शीर्षकांसह ही गरज एका दिशेस सुमारे ८० किलोबिटांवर जाते. जी.७२९ पद्धतीत ८ किलोबिटांचा आवाज याच हिशेबाने २४ किलोबिट होतो. वाहिन्यांची संख्या ठरविताना हा फरक दुर्लक्षून चालत नाही.

वेब पृष्ठाद्वारे व्यवस्थापन :

ब्राउझरमध्ये गेटवेचा आयपी पत्ता लिहिला असता त्याचे व्यवस्थापन पृष्ठ उघडते. कोणते द्वार चालू आहे, सिप सर्व्हरवर नोंदणी झाली आहे की नाही, कोणत्या क्रमांकाचा संच कोणत्या द्वारावर आहे, हे तेथे एका दृष्टिक्षेपात समजते. नेटवर्कचे विशेष शिक्षण न घेतलेल्या कर्मचाऱ्यासही विस्तार क्रमांक बदलणे यामुळे शक्य होते.

वेब पृष्ठावरील एक साधी निवड किती परिणामकारक असते, हे देशनिहाय ध्वनिसंकेतांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. साध्या तांब्याच्या वाहिनीवर पलीकडील व्यक्तीने संच खाली ठेवल्याचे एफएक्सओ द्वारास आपोआप समजेलच असे नाही. एक्स्चेंजने वाहिनीची ध्रुवता बदलून तशी सूचना न दिल्यास गेटवेला एंगेज्ड टोन ओळखावा लागतो. भारतात हा ध्वनी ४०० हर्ट्झचा असून तो ०.७५ सेकंद वाजतो व ०.७५ सेकंद थांबतो. अमेरिकेत तो ४८० व ६२० हर्ट्झ यांच्या मिश्रणाचा असून अर्धा सेकंद वाजतो व अर्धा सेकंद थांबतो. गेटवेवर अमेरिकेची मांडणी तशीच राहिल्यास भारतीय ध्वनी ओळखला जात नाही, संभाषण संपूनही वाहिनी अडकून राहते आणि बाहेरून येणाऱ्यास क्रमांक सतत व्यस्त लागतो. वाहिनीत बिघड असल्याची तक्रार केली जाते. दोष मात्र पृष्ठावरील एका निवडीत असतो.

कमांड लाइनद्वारे व्यवस्थापन :

वेब पृष्ठ स्थिती दाखविते. त्या स्थितीमागील घटनाक्रम मात्र अनेकदा कमांड लाइनवरच दिसतो. याचे नेहमीचे उदाहरण म्हणजे एकतर्फी आवाज. पृष्ठावर नोंदणी यशस्वी दिसते, घंटी वाजते, संभाषण जुळते. परंतु एकाच बाजूचा आवाज ऐकू येतो. कमांड लाइनवरून सिप संदेश पाहिले असता गेटवेने आवाज स्वीकारण्यासाठी स्वतःचा १९२.१६८ ने सुरू होणारा खासगी पत्ता कळविल्याचे आढळू शकते. हा पत्ता बाहेरील जाळ्यात पोहोचण्याजोगा नसल्याने संकेत जातात, आवाज मात्र परत येत नाही. अशा तपासणीच्या आज्ञा यंत्रावर मोठा भार टाकतात. त्यामुळे त्या वर्दळीच्या वेळी वापरू नयेत व काम होताच बंद कराव्यात.

कमांड लाइनचा दुसरा लाभ म्हणजे संपूर्ण मांडणी साध्या मजकुराच्या रूपात मिळते. ती जतन करता येते, मागील महिन्याच्या प्रतीशी ताडून पाहता येते आणि यंत्र बदलल्यास नव्या यंत्रावर उतरविता येते. येथे एक भेद ध्यानी घेणे आवश्यक आहे. सिस्कोच्या आयओएस प्रणालीत चालू मांडणी व आरंभीची मांडणी या दोन वेगळ्या असतात. दिलेली आज्ञा चालू मांडणीत तत्काळ लागू होते. परंतु ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग’ ही आज्ञा न दिल्यास वीज जाऊन आल्यावर जुनी मांडणी परत येते. याउलट अनेक लहान गेटवेंवर वेब पृष्ठात केलेला बदल यंत्र पुन्हा सुरू केल्याशिवाय लागू होत नाही आणि तसे करताना चालू संभाषणे तुटतात. म्हणून बदल करणे, लागू करणे व जतन करणे या तीन स्वतंत्र क्रिया आहेत, हे व्यवस्थापकाने जाणले पाहिजे.

सुरक्षिततेचा प्रश्न :

दोन्ही मार्ग सोयीचे असल्यामुळेच ते धोक्याचेही आहेत. टेलनेट या जुन्या पद्धतीत पासवर्ड जाळ्यातून उघड्या स्वरूपात जातो. हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठात पासवर्ड चोरीची घटना घडल्यानंतर तातू इलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच ही सांकेतिक पद्धत विकसित केली. कमांड लाइनसाठी एसएसएच आणि वेब पृष्ठासाठी एचटीटीपीएस वापरणे हा आता किमान नियम मानला पाहिजे. २०१६ मध्ये मिराई या घातक प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेली असंख्य उपकरणे टेलनेटद्वारे ताब्यात घेतली. तसे सर्वसामान्य पासवर्ड ग्राहकोपयोगी उपकरणांवर देण्यास ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून कायद्याने मनाई आहे.

गेटवेच्या बाबतीत हानी थेट आर्थिक असते. सिपचे ५०६० हे पोर्ट इंटरनेटवर सर्वांसाठी खुले राहिल्यास अनोळखी व्यक्ती संस्थेच्या वाहिनीवरून परदेशात संभाषणे करू शकते आणि त्यांचे देयक संस्थेस येते. सिस्कोने आयओएसच्या १५.१(२)टी या आवृत्तीपासून अविश्वासार्ह पत्त्यांवरून येणारी संभाषणे मुळातच नाकारण्याची व्यवस्था केली. ज्या यंत्रांवर अशी व्यवस्था नाही, तेथे फायरवॉलद्वारे केवळ ज्ञात पत्त्यांनाच प्रवेश द्यावा आणि गरज नसल्यास ०० ने सुरू होणारे आंतरराष्ट्रीय क्रमांक बंद ठेवावेत.

व्यवस्थापनाची शिस्त :

गेटवे बसविणाऱ्या तंत्रज्ञाकडेच पासवर्ड राहिला, तर तो तंत्रज्ञ उपलब्ध नसताना संस्था स्वतःच्याच दूरध्वनीपासून वंचित होते. हे टाळण्यासाठी प्रत्येक व्यवस्थापकाचे स्वतंत्र खाते असावे. मांडणीची प्रत प्रत्येक बदलापूर्वी व बदलानंतर घ्यावी. त्या प्रतीत पासवर्डही असू शकत असल्याने ती सुरक्षित ठिकाणी ठेवावी. यंत्रातील घड्याळ अचूक राखून नोंदी स्वतंत्र सर्व्हरवर पाठवाव्यात. वेळ चुकीची असल्यास नोंदींचा पुरावा म्हणून उपयोग उरत नाही. कोणता बदल, कोणी, केव्हा व कशासाठी केला याची वही ठेवावी. साध्या दूरध्वनीस एक्स्चेंजकडून वीज मिळत असे. गेटवेस ती मिळत नाही. त्यामुळे वीज गेली असतानाही ११२ क्रमांक लागावा यासाठी गेटवे व नेटवर्क स्विच दोन्ही यूपीएसवर असणे अनिवार्य आहे.

निष्कर्ष :

वेब पृष्ठ व कमांड लाइन हे परस्परविरोधी पर्याय नसून एकाच मांडणीकडे जाणारे दोन मार्ग आहेत. दैनंदिन देखरेख व किरकोळ बदल यांसाठी वेब पृष्ठ सोयीचे. तर दोषाचा शोध, मांडणीची तुलना व जतन यांसाठी कमांड लाइन उपयुक्त ठरते. परंतु कोणताही मार्ग निवडला तरी केलेल्या बदलाची नोंद व जबाबदारी निश्चित नसेल, तर उत्तम यंत्रही संस्थेस अडचणीत आणू शकते. एका व्यक्तीच्या स्मरणात असलेली मांडणी संस्थेच्या दप्तरात आणणे, हेच गेटवे व्यवस्थापनाचे पहिले काम होय.