एकाच बाजूने बांधलेली भिंत

गुजरात विधानसभा निवडणुकीचे निरीक्षक म्हणून नोव्हेंबर २०२२ मध्ये अहमदाबादला गेलेले भारतीय प्रशासकीय सेवेतील अधिकारी अभिषेक सिंह यांनी रुजू झाल्याची छायाचित्रे आपल्या इन्स्टाग्राम खात्यावर टाकली. एकात ते निरीक्षकाची पाटी असलेल्या मोटारीशेजारी उभे होते. दिल्लीतील निर्वाचन सदनाने हा प्रसिद्धीचा प्रकार मानला आणि त्यांना तत्काळ त्या कामातून दूर केले. लोकांच्या पैशांतून घेतलेली मोटार, लोकसेवेचे काम आणि लोकांनाच दिलेली माहिती, यात प्रसिद्धी कोठे आली, असा सिंह यांचा प्रतिवाद होता. निवडणुकीच्या निरीक्षकाने पाहावे, दिसू नये, हे आयोगाचे म्हणणे योग्यच. तरीही ते खाते खासगी होते की सरकारी, हा प्रश्न मागे उरतोच.

त्याचे उत्तर आपल्या नियमांत नाही. केंद्रीय कर्मचाऱ्यांचे वर्तणूक नियम १९६४ चे, अखिल भारतीय सेवांचे १९६८ चे. तेव्हा मत जाहीर करायचे तर वृत्तपत्र, आकाशवाणी किंवा सभेचे व्यासपीठ गाठावे लागे. घरातले बोलणे घरातच राही. सरकारी धोरणावर प्रतिकूल टीका नको आणि ‘सेवेला न शोभणारे’ वर्तन नको, या दोन अटी त्या जगासाठी होत्या. पुढे सरकारनेच समाजमाध्यमांचे दार उघडले. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान विभागाने २०१२ मध्ये सरकारी संस्थांसाठी त्यांच्या वापराची चौकट आखली. आज अधिकाऱ्याच्या लोकप्रिय खात्याचा लाभ शासनाला हवा असतो. मात्र त्याच खात्यावरचे एखादे वाक्य खटकले की जुना नियम बाहेर येतो. शाह फैजल यांनी २०१८ मध्ये बलात्काराच्या घटनांवर उपरोधिक ट्वीट केले. त्यात कोणत्याही धोरणाचे नाव नव्हते. तरी दिल्लीच्या कार्मिक विभागाच्या सूचनेवरून त्यांना नोटीस निघाली. ‘न शोभणारे’ काय, हे अखेर वरिष्ठच ठरवतात.

सैन्याचे प्रकरण अधिक अवघड आहे. जून २०२० च्या आदेशाने फेसबुक, इन्स्टाग्रामसह ८९ अ‍ॅप जवान व अधिकाऱ्यांना आपल्या फोनमधून काढावी लागली. एका लेफ्टनंट कर्नलने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. थोरली मुलगी आणि बरेचसे आप्त परदेशात, त्यांच्याशी जोडून ठेवणारा धागा फेसबुकच, असे त्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने ५ ऑगस्टला याचिका फेटाळली. देशाची सुरक्षा आधी, आणि संपर्काची इतर साधने शिल्लक आहेतच. शत्रूचे हेर खोटी खाती काढून सैनिकांना जाळ्यात ओढतात, हे वास्तव पाहता निकालाशी वाद घालणे कठीण आहे. पण हेच माप तलाठ्याला किंवा शिक्षिकेला कसे लावणार? त्रिपुरा उच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये, लिपिका पॉल खटल्यात, सरकारी नोकराचे अभिव्यक्तीस्वातंत्र्य नोकरीमुळे संपत नाही, असे स्पष्ट म्हटले आहे.

महाराष्ट्राने २८ जुलै २०२५ च्या शासन निर्णयात निदान भिंत आखण्याचा प्रयत्न केला. वैयक्तिक व कार्यालयीन खाती वेगळी ठेवा. वैयक्तिक खात्यावर गणवेश, सरकारी वाहन, इमारत यांची छायाचित्रे वा रील नकोत. राज्य अथवा केंद्राच्या धोरणावर टीका नको. मात्र योजनांच्या यशाबद्दल लिहिता येईल, स्वतःची स्तुती टाळून! म्हणजे रेषा खासगी आणि सरकारी यांच्यामधली राहिली नाही, कौतुक आणि टीका यांच्यामधली झाली.

याच निर्णयाने अंतर्गत समन्वयासाठी व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्रामला मुभा दिली. खासगी आयुष्य कार्यालयात शिरू नये म्हणून इतके निर्बंध. कार्यालय घरात शिरते त्याची वाच्यता नाही. त्याच फोनवर शाळेच्या पालकांचा गट, नातलगांचा गट आणि रात्री साडेअकराला ‘अहवाल कुठे आहे’ विचारणारा विभागाचा गट नांदतो. दिल्लीची मंत्रालये असोत वा गुरुग्राम-नोएडाच्या खासगी कंपन्या, चित्र एकच. कंपनीत तर संस्थेची पोस्ट आपल्या लिंक्डइनवर पुढे पाठवणे हीही निष्ठेची खूण समजली जाते.

कामाच्या वेळेबाहेर फोन-संदेशांना उत्तर न देण्याचा हक्क नोकरदारांना मिळावा, यासाठी सुप्रिया सुळे यांनी २०१८ च्या अखेरीस लोकसभेत खासगी विधेयक आणले आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडले. १९७० नंतर एकाही खासगी विधेयकाचा कायदा झालेला नाही, तेव्हा त्यावर फार भिस्त ठेवू नये. पण ‘न शोभणारे’ या शब्दांची उदाहरणांसह व्याख्या करणे, कारवाईआधी मजकूर काढण्याची एक संधी देणे आणि विभागीय गटांवरच्या आदेशांना वेळेची मर्यादा घालणे, एवढे कार्मिक विभागाला नियमदुरुस्तीने आणि परिपत्रकाने करता येते. त्यासाठी कायदा करण्याची गरज नाही.