न पोचलेल्या नेमणूकपत्राची गोष्ट

कायदे संसद करते, हे आपण शाळेतच शिकतो. पण केलेला कायदा राज्यघटनेत बसतो की नाही, हे कोणी ठरवायचं? अमेरिकेच्या राज्यघटनेत याचं स्पष्ट उत्तर लिहिलेलं नव्हतं. ते मिळालं १८०३ मध्ये, 'मार्बरी विरुद्ध मॅडिसन' या खटल्यात.

झालं असं, की राष्ट्राध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स १८०० ची निवडणूक हरले. जाता जाता त्यांनी आपल्या पक्षाच्या लोकांना न्यायाधीशपदं वाटली. विल्यम मार्बरी हा त्यांतलाच एक. त्याच्या नेमणूकपत्रावर सही झाली, शिक्का बसला, पण पत्र पोचवायचं राहून गेलं. नवे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांनी ते अडवलं. तेव्हा परराष्ट्रमंत्री मॅडिसन यांना पत्र देण्याचा हुकूम करावा, म्हणून मार्बरी थेट सर्वोच्च न्यायालयात गेला.

गंमत म्हणजे सरन्यायाधीश होते जॉन मार्शल. अ‍ॅडम्स यांचे परराष्ट्रमंत्री म्हणून ही पत्रं पोचवायचं काम त्यांच्याच खात्याचं होतं!

मार्शलपुढे इकडे आड, तिकडे विहीर. हुकूम द्यावा, तर सरकार तो धाब्यावर बसवणार. न्यायालयाकडे ना सैन्य, ना तिजोरी. न द्यावा, तर न्यायालय घाबरलं असं दिसणार.

२४ फेब्रुवारी १८०३ च्या निकालात त्यांनी वेगळीच वाट काढली. मार्बरीचा हक्क खरा, सरकारची वागणूक बेकायदा. पण असा हुकूम थेट देण्याचा अधिकार न्यायालयाला नाही. १७८९ च्या कायद्याने तो दिला होता खरा, पण तो राज्यघटनेशी विसंगत, म्हणून कायद्याचं ते कलमच रद्द! मार्बरी रिकाम्या हाताने परतला. जेफरसनना मोडायला हुकूमच उरला नाही. आणि लहान अधिकार नाकारताना न्यायालयाने कायदा रद्द करण्याचा केवढा तरी मोठा अधिकार मिळवला.

पण हा अधिकार नेहमी न्यायाच्याच बाजूने वापरला गेला का? नाही. सर्वोच्च न्यायालयाने केंद्राचा कायदा पुन्हा रद्द केला तो ५४ वर्षांनी, ड्रेड स्कॉट खटल्यात. काळ्या माणसाला नागरिकत्व मिळू शकत नाही आणि नव्या प्रदेशांत गुलामगिरीवर बंदी घालण्याचा अधिकार काँग्रेसला नाही, असा तो निकाल. तो पुसायला यादवी युद्ध आणि घटनादुरुस्त्या लागल्या.

आपल्या घटनाकारांनी कलम १३ मध्ये मूलभूत हक्कांशी विसंगत कायदे रद्दबातल ठरतील, असं स्पष्टच लिहून ठेवलं. तरी 'न्यायालयाने कायदा रद्द केला' अशी बातमी वाचताना एवढं विचारायलाच हवं: त्यामुळे कोणाचा हक्क वाचला, आणि कोणाचा गेला?