किट मोटार घेताना आधी हिशेब मांडा

कोकणातील व मुंबईतील आपल्या बऱ्याच कुटुंबांचे नातेवाईक ब्रिटनमध्ये स्थायिक आहेत. तिथे सुट्या भागांचा संच विकत घेऊन घरच्या गॅरेजात मोटार जोडण्याची जुनी पद्धत आहे. याला किट कार म्हणतात. हाताला हुन्नर असलेल्या तरुणाला याचा मोह पडणे साहजिक आहे.

ही पद्धत फोफावली ती करामुळे. तयार मोटारीवर परचेस टॅक्स होता, संचावर नव्हता. १९५७ साली लोटस कंपनीची 'सेव्हन' अशीच बाजारात आली. १९७३ साली व्हॅट आला, सवलत गेली आणि त्याच साली लोटसने या मोटारीचे हक्क कॅटरहॅमला दिले. तेव्हा 'किट स्वस्त पडते' असे कोणी म्हणाले, तर तो १९७३ पूर्वीचा भाव समजावा.

शेरवानीच्या कापडाचा भाव म्हणजे शेरवानीचा भाव नव्हे. अस्तर, बटणे, शिलाई वेगळी. इथेही तसेच. जाहिरातीतल्या रकमेत इंजिन, गिअरबॉक्स, चाके, रंगकाम यांपैकी काय येते, ते लेखी घ्यावे. कॅटरहॅमच्या संचात बहुतेक माल नवा, म्हणून किंमत चढी. दुसरा प्रकार जुनी मोटार मोडून तिचे भाग नव्या चॅसिसवर बसविण्याचा. त्यासाठी माझदा एमएक्स-५ फार चालते. तिच्या दाराखालचा पत्रा गंजतो, मग ती वार्षिक तपासणीत नापास होऊन स्वस्तात निघते. पत्रा आपल्याला टाकायचाच असतो! इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन धड असले की झाले. उरलेले दरवाजे, सीट, टप विकून थोडे पैसेही सुटतात. सगळे भाग एकाच मोटारीतून निघतील असाच संच निवडावा. नाहीतर भंगारवाल्यांकडे खेटे सुरू होतात.

बरेच कारखानदार संच टप्प्याटप्प्याने देतात. आधी चॅसिस, मग बाकीचे. जसे पैसे जमतील तसा माल उचलावा; व्याजाच्या कर्जात पडण्याचे कारण नाही. मात्र कारखाने छोटे असतात, हात बदलतात. स्वतः जाऊन तयार मोटार पाहावी, तीत बसून पाय नीट पोहोचतात का तेही पाहावे.

मोटार जोडून झाली की सरकारी आयव्हीए तपासणी असते. ब्रेक, दिवे, धूर तर पाहतातच, पण बाहेरच्या कडाही किमान २.५ मिलिमीटर त्रिज्येच्या गोल लागतात. संच घेतानाच विचारावे, याच नमुन्याच्या मोटारी पास झाल्या आहेत काय?

भारतात असा संच मागवू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेतही मनाप्रमाणे फेरफार चालत नाही; सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केले आहे.

ब्रिटनमध्ये अर्ध्यावर सोडलेले संचही विकायला येतात. भाव मोहात पाडणारा असतो. भागांच्या पावत्या व जुन्या मोटारीची कागदपत्रे नसतील, तर वय सिद्ध होत नाही, 'क्यू' अक्षराचा नंबर मिळतो आणि पुढे विकताना गिऱ्हाईक भाव पाडते. अशा सौद्यात मोटारीआधी फाईल पाहायला मागावी.