गाडी उचलली, डिफरन्शियल जागेवरच

एक्स्प्रेसवे सोडून लोणावळ्याकडे वळायचं ते कुसगावला. पावसाळ्यात सुट्टीच्या दिवशी इथून आत शिरणाऱ्या थार, जिप्सी, जिम्नी यांपैकी बऱ्याच गाड्या पुढे तुंगार्लीमार्गे राजमाचीची वाट धरतात. सुमारे पंधरा किलोमीटरची ही वाट उधेवाडीला पोचते, आणि जोराच्या पावसात ती वाट कमी आणि ओढा जास्त असते. म्हणजे जी गाडी तासाभरापूर्वी ताशी १०० किलोमीटरने धावत होती, तीच आता चिखलात पहिल्या गिअरमध्ये रांगते, आणि संध्याकाळी पुन्हा त्याच महामार्गावर चढते. घरच्या घरी पुढचं सस्पेन्शन उचलण्याचा विचार करताना नजरेसमोर असते ती मधली वाट. त्या कामाची खरी परीक्षा होते ती परतीच्या रस्त्यावर. लिफ्टबद्दलचे बहुतेक गैरसमज या एका विसरातून निघतात असं मला वाटतं.

सगळ्यात जुना गैरसमज असा, की गाडी दोन इंच उचलली म्हणजे ग्राउंड क्लिअरन्स दोन इंच वाढला. जिप्सीचं उदाहरण घ्या. १९८५ साली आलेल्या या गाडीला पुढे-मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल आणि पाटे आहेत. तिचा जमिनीला सर्वांत जवळचा भाग चासीचा नसून ॲक्सलवरचा डिफरन्शियलचा फुगवटा. तो ॲक्सलला जोडलेला, ॲक्सल चाकांना जोडलेला. पाट्यांखाली किंवा पाट्यांवर काहीही केलं तरी चासी आणि बॉडी वर जाते, फुगवटा होता तिथंच राहतो. राजमाचीच्या वाटेवर आधीच्या गाड्यांच्या चाकांनी दोन खोल चाकोऱ्या पाडलेल्या असतात आणि मधे मातीचा उंचवटा उरतो. चाकं चाकोरीत उतरली की त्या उंचवट्यावर घासतो तो हा फुगवटा. तिथे अडकलेल्या गाडीची बॉडी कितीही उंच असली तरी उपयोग शून्य. फुगवटा वर नेण्याचा सरळ मार्ग एकच, मोठा टायर; आणि तिथेही हिशेब निम्म्याचा असतो, कारण टायरचा व्यास ५० मिलिमीटरने वाढला तर ॲक्सल उचलला जातो २५ मिलिमीटरच. लिफ्टने मिळतं ते वेगळं: मोठ्या टायरला मडगार्डखाली जागा, चढाला भिडताना बंपर न टेकणं, उंचवट्यावर पोट न घासणं. या गोष्टी खऱ्या आहेत, पण त्यांना क्लिअरन्स म्हणणं चुकीचं.

यावर थारवाले हरकत घेतील, आणि ती रास्त आहे. २०२० च्या ऑक्टोबरात आलेल्या थारला पुढे अखंड ॲक्सल नाही. डबल विशबोन आणि कॉइल स्प्रिंगचं स्वतंत्र सस्पेन्शन आहे, डिफरन्शियल चासीला टांगलेला आहे. म्हणून तिथे पुढून उचललं की डिफरन्शियलही वर जातो. (मागचा ॲक्सल मात्र अखंडच, त्यामुळे मागे वरचाच नियम.) पण स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये दुसरा गैरसमज दबा धरून बसलेला असतो: लेथवर एक इंचाची चकती फिरवून घेतली आणि शॉकअपच्या डोक्यावर बसवली, की गाडी एक इंच वर येईल. शॉकअप चाकाशी बसवलेला नसतो. खालच्या विशबोनवर मधेच कुठेतरी बसवलेला असतो. समजा, तो विशबोनच्या लांबीच्या साठ टक्क्यांवर असेल, तर २५ मिलिमीटरची चकती चाकापाशी जवळजवळ ४२ मिलिमीटर फरक करते. ज्याने एक इंच ठरवलं, त्याने दीड इंचाहून जास्त केलं, आणि त्याला ते माहीतच नाही. पुढच्या चाकांना फिरवणारे शाफ्ट आता मुळात नेमलेल्यापेक्षा तिरके फिरतात. चाक खड्ड्यात पूर्ण लोंबकळलं की हा तिरकेपणा आणखी वाढतो, रबरी बूट फाटतो, ग्रीस बाहेर आणि चिखल आत. वरच्या बॉल जॉइंटचंही तेच. चाकांचा कॅम्बर आणि टो बदलतात, म्हणून अलाइनमेंट न करता गाडी रस्त्यावर नेली तर नवे टायर एका बाजूने झिजतात. चकती शॉकअपच्या डोक्यावर न ठेवता स्प्रिंगच्या आत घातली तर खेळ उलटा: शॉकअपची पूर्ण लांबी तेवढीच राहते, गाडी वर येते, आणि चाकाला खाली जायला उरलेली जागा कमी होते. मग प्रत्येक गतिरोधकावरून उतरताना पुढून 'ठक्' असा आवाज येतो. तो शॉकअप आतून पूर्ण ताणला गेल्याचा असतो.

२०१० ते २०२० मधल्या थारच्या सीआरडीई आवृत्तीला पुढे टॉर्शन बार होता, आणि त्याबद्दलची समजूत तर पक्की रुजलेली आहे: बोल्ट आवळला की बार कडक होतो, म्हणून गाडी आपटते. बारचा कडकपणा त्याच्या जाडीवर, लांबीवर आणि पोलादावर ठरतो. बोल्ट आवळून त्यातलं काहीच बदलत नाही. बदलते ती सुरुवातीची जागा. गाडी उंच उभी राहते, चाक खाली जायचा प्रवास संपत येतो आणि खड्ड्यात ते जमिनीला धरून राहत नाही. बसणाऱ्याला हे सगळं 'कडक' वाटतं. हा भेद महत्त्वाचा, कारण कडकपणावर उपाय म्हणून नरम शॉकअप टाकणारा माणूस दुखण्याला सोडून भलतीकडेच लेप लावतो.

पाट्यांच्या गाडीत घरगुती कामाची सगळ्यात सोपी युक्ती म्हणजे लांब शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चासीला जोडणारा दुवा. जाड पट्टीला दोन भोकं पाडली की झालं. इथे हिशेबाचं पहिलं अंग असं, की ॲक्सल पाट्याच्या साधारण मधोमध असतो, म्हणून शॅकल ५० मिलिमीटर वाढवला तर उंची मिळते २५. दुसरं अंग कुणी मोजत नाही. जिप्सीच्या पुढच्या पाट्याचा शॅकल पुढच्या टोकाला आहे. ते टोक खाली गेलं की पाटा पुढे झुकतो, त्यावर बसलेला ॲक्सलही फिरतो आणि किंगपिनचा मागे झुकलेला कल, म्हणजे कॅस्टर, कमी होतो. पाट्याच्या दोन टोकांत ९०० मिलिमीटर अंतर धरलं, तर ५० मिलिमीटरची उतरण सुमारे तीन अंशांची होते. अशा गाड्यांत कॅस्टर मुळातच मोजक्या अंशांचा. एका इंचासाठी त्यातला बहुतेक गेला. ताशी २० च्या वेगाला चिखलात याचा पत्ताही लागत नाही. एक्स्प्रेसवेवर ८० ला मात्र वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही, गाडी लेनमध्ये भरकटते, आणि पुढून ट्रक गेला की त्याच्या वाऱ्याने हलते. यावर उपाय आहे: पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये नेमक्या अंशांची पोलादी पाचर. तिच्यासाठी आधी अंश मोजावे लागतात, आणि घरगुती कामात नेमकं मोजणंच राहून जातं. पुढच्या ॲक्सलवर चौकोनी ठोकळा ठेवून उंची वाढवणं याहून वाईट. ब्रेक लागला की ॲक्सल स्वतःभोवती फिरू पाहतो, ठोकळा त्या फिरण्याला तरफ देतो, आणि हे सगळं बसलेलं असतं ते जुन्याच, एकदा ताणल्या गेलेल्या यू-बोल्टवर.

इथे मिस्त्रींच्या बाजूने बोललं पाहिजे. गावोगावच्या मिस्त्रींनी विलीजपासून पुढच्या किती जीप पाटे घालून, काढून, वाकवून चालवल्या. त्या उलटल्या नाहीत, मग आताच हा पुस्तकी हिशेब कशाला? हरकतीत तथ्य आहे. हाताने केलेलं काम म्हणून ते धोक्याचं, आणि डब्यातून आलेला किट म्हणून सुरक्षित, हाही एक गैरसमजच. चुकीच्या टॉर्कला आवळलेला महागडा किट घरच्या शॅकलइतकाच वाईट. पण त्या जीप डोंगरात ताशी ३०-४० ने चालत, आणि चांगला मिस्त्री पाटा वाढवला की ब्रेकचा होज ताणून बघे, स्टिअरिंगची ड्रॅग लिंक किती तिरपी झाली ते पाहे, बंप स्टॉप त्या मानाने खाली आणे. त्याचं हे तपासणं गळालं आणि नुसता ठोकळा उरला, तर त्याला परंपरा म्हणता येणार नाही.

दुसऱ्या बाजूचं भय मात्र फुगवलेलं आहे: लिफ्ट केली की गाडी उलटणारच. दोन चाकांमधलं अंतर १५०० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य ७०० वर धरला, तर उभी गाडी कागदावर सुमारे ४७ अंशांच्या आडव्या उतारावर उलटते. बॉडी ५० मिलिमीटर उचलली तर चाकं-ॲक्सल जागेवरच राहतात, गुरुत्वमध्य साधारण ४५ मिलिमीटर चढतो, आणि तो आकडा ४५ अंशांवर येतो. दोन अंश. खरी गाडी स्प्रिंगवर झुकते, टायर दबतो, म्हणून ती याआधीच उलटते, लिफ्टआधीही आणि नंतरही. दोन इंचांपुरतं बोलायचं तर या दोन अंशांपेक्षा गेलेला कॅस्टर आणि ताणलेला ब्रेक होज जास्त माणसं अडचणीत आणतील. पाच-सहा इंचांवर हे गणित बदलतं. पुढून उचलल्यावर हेडलाइटचा झोत वर जातो हेही कुणी सांगत नाही. लोणावळ्याच्या धुक्यात समोरच्याला ते चांगलंच कळतं.

कायद्याबाबत 'आरसीवर उंचीचा उल्लेख कुठे आहे' हा युक्तिवाद चालतो. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करायला मनाई करतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघातानंतर विमा कंपनीच्या हातात आयतं कारण पडतं ते वेगळंच. गोव्यात २०१४ पासून होणाऱ्या रेन फॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांतल्या उंच गाड्या बघून आपलीही तशी करावीशी वाटते. पण स्पर्धेसाठी बांधलेली गाडी आणि आठवडाभर ऑफिसला नेण्याची गाडी यांच्या गरजा वेगळ्या.

राजमाचीच्या चिखलात कंपनीच्या उंचीची थार अडकते तेव्हा तिला बहुतेक वेळा उंची नव्हे, पकड कमी पडते. थारचा क्लिअरन्स २२६ मिलिमीटर आहे, पाण्यातून जायची खोली ६५० मिलिमीटर सांगितलेली आहे. तुंगार्लीच्या पुढे डांबर संपलं की टायरची हवा तिशीवरून १८-२० पौंडांवर आणली तर टायर पसरतो, दगडाला लपेटतो आणि तीच गाडी तोच चढ चढते. खर्च हवा मोजायच्या गेजचा आणि छोट्या कॉम्प्रेसरचा. कॉम्प्रेसर विसरायचा नाही, कारण त्या हवेवर कुसगावहून एक्स्प्रेसवेवर चढलं तर टायर तापून फुटू शकतो.