दात म्हणजे शरीराचा सातबारा

थळ (ता. अलिबाग) : पोराचा दुधाचा दात पडला की आपण तो कौलांवर फेकतो, नाहीतर मातीत पुरतो. पण शेतकरी बंधूंनो, हा दात म्हणजे शरीराचा सातबाराच आहे, बरं का!

खडकात आणि मातीत युरेनियम, थोरियम मुळातच थोडे थोडे असते. त्यापासून रेडियम, शिसे, पोलोनियम तयार होते. अन्नपाण्यातून ते किंचित पोटात जाते. रेडियम व शिसे कॅल्शियमच्या वाटेने हाडात आणि दातात बसतात. हाड सतत झिजते व नवे होते. दाताचे कवच मात्र एकदा तयार झाले की बदलत नाही. म्हणून नोंद टिकते.

ही नोंद वाचायची कशी? दात स्वच्छ करून त्याची राख करतात, ती आम्लात विरघळवून यंत्रावर किरण मोजतात. दुसऱ्या रीतीत दाताला खास प्लॅस्टिकची पट्टी चिकटवून ठेवतात. किरणांचे बारीक ओरखडे सूक्ष्मदर्शकाखाली मोजले जातात.

अमेरिकेत सेंट लुइस शहरात १९५८ पासून मुलांचे सुमारे ३ लाख दुधाचे दात गोळा झाले. अणुचाचण्यांतून उडालेले स्ट्रॉन्शियम-९० गवतातून गाईच्या दुधात आणि तिथून दातात उतरल्याचे त्यातून दिसले. ते मानवनिर्मित, आपला विषय निसर्गातल्या किरणांचा. पण वाट तीच : माती, चारा, दूध, दात.

आता थळकरांच्या मनातला प्रश्न : आपल्याकडच्या खताचे काय? येथील आर.सी.एफ.चा युरिया नैसर्गिक वायू, हवा व पाण्यापासून होतो. त्यात युरेनियमचा खडक नाही. स्फुरदयुक्त खत खडकापासून बनते, त्यात युरेनियमचा अंश असतो. पालाशातही नैसर्गिक किरणोत्सर्ग असतो. पण पालाश नारळपाण्यात आहे, तुमच्या-आमच्या अंगातही आहे. घाबरायचं कारण नाही. मात्र खत मातीपरीक्षणाप्रमाणेच घाला.

खरी काळजी घरातच आहे. तंबाखूच्या पानावर हवेतले पोलोनियम व शिसे बसते, विडीच्या धुरातून ते फुफ्फुसात जाते. तोंडात धरलेल्या तंबाखूतली इतर विषे तर कर्करोग आणतात. सरपंच, ग्रामसेवकांनी हा विषय ग्रामसभेत घ्यावा. आणि मायबहिणींनो, सकाळची मशेरी आजच सोडा. दातावर नोंद चांगलीच राहू द्या.